भरदुपारी घसरणारी गाडी

"पडली! पडली! परत पडली!"

शेपूट इतक्या जोरात ओरडला, की खाली गॅरेजमध्ये झोपलेली मांजर दचकून मोटारीच्या टपावर चढली.

ठिणगीने झटकन बटण दाबून वीज बंद केली. खिडकीलगतच्या लांब सरळ रुळावर, धरणाच्या पुलाच्या जरासं अलीकडे, हिरवं इंजिन नाकावर आपटलं होतं. मागचे चार डबे एकमेकांच्या अंगावर चढून बसले होते, शाळा सुटल्यावर फाटकापाशी मुलं चढतात तसे.

"किती वाजले रे?" तिने विचारलं.

"तीन वाजून सात मिनिटं!" भोंगा गरजला.

"हळू बोल ना! बहिरी नाहीये मी."

"हळूच बोललो!"

ते मात्र खरं होतं. शेजारच्या घरातला हा तेरा वर्षांचा मुलगा कुजबुजला तरी पलीकडच्या गल्लीत ऐकू जायचं, म्हणून तो भोंगा. ठिणगी बारा वर्षांची. तिचं डोकं कधी पेटेल याचा नेम नसायचा, म्हणून ती ठिणगी. आणि तिचा नऊ वर्षांचा भाऊ ती जाईल तिथे मागोमाग जायचा, म्हणून तो शेपूट. त्यांना खरी नावंही होती, पण ती शाळेच्या हजेरीपटापुरती.

सुट्टी लागली की हे दोघं बहीणभाऊ आजोबांकडे यायचे, ते या खोलीसाठी. गॅरेजवरच्या या लांबलचक खोलीत तीन भिंतींना लागून कमरेएवढ्या उंचीवर रुंद फळ्या बसवलेल्या होत्या, आणि त्यांच्यावर आजोबांची रेल्वे होती. दोन स्टेशनं, एक धरण, एक बोगदा, अंगठ्याएवढी घरं आणि नखाएवढी माणसं. आजोबांनी चाळीस वर्षं लोकांच्या कवळ्या बनवल्या होत्या. त्यामुळे इथले डोंगर दातांचे साचे घ्यायच्या प्लास्टरचे होते. एक डोंगर तर चक्क गुलाबी होता, कारण तो हिरड्यांच्या उरलेल्या मसाल्यातून घडवला होता! बोगद्यात अडकलेला डबा बघायला दातांच्या डॉक्टरचा छोटा गोल आरसा, रुळांच्या खाचा कोरायला टोकदार आकडे, आणि चाकं पुसायला स्पिरिटमध्ये बुडवलेला दात घासायचा ब्रश.

"दात काय आणि रूळ काय," आजोबा म्हणायचे, "एक केसभर वर आला, की झालीच पंचाईत!"

पण यंदा आजोबा असं काही म्हणत नव्हते. डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी ते तीन आठवडे बाहेरगावी होते आणि आठवड्यापूर्वीच परत आले होते. आताही ते कोपऱ्यातल्या खुर्चीत काळा चष्मा लावून बसले होते. गाडी पडली तरी उठले नाहीत.

"राहू दे गं. नको उचलूस," ते म्हणाले. "खिडकीकडची ती लाईन मी गेल्या वर्षी नव्याने टाकली. तेव्हाच डोळे अंधुक झाले होते. वाकडी बसली असणार."

"पण सकाळी तर नीट चालली, आजोबा!"

"चालली असेल नशिबाने. चाळीस वर्षं दात बसवले, एकाचाही वाकडा नाही गेला. आता संपले हे हात." त्यांनी दोन्ही तळवे उलटसुलट करून पाहिले आणि मांडीवर ठेवून दिले, दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे.

तेवढ्यात जिन्यावर धाडधाड पावलं वाजली आणि काका आत आले. काकांच्या खिशात कायम मोजपट्टी असायची आणि तोंडात कायम एकच वाक्य.

"बाबा, झालंच समजा!" ते म्हणाले. "हॉटेलवाल्या बाई रविवारी दुपारी तीनला बघायला येतायत. त्यांना हॉटेलात शिरल्या शिरल्या मांडायला काहीतरी नवलाचं हवंय. ही रेल्वे घेऊन जातील. आणि मला इथे माझ्या पंपांच्या धंद्याचं ऑफिस थाटता येईल!"

"घेऊन जातील? दारातून कशी जाणार ही?" ठिणगीने विचारलं.

"तीन तुकडे करायचे! सुतार सांगून ठेवलाय. इथे एक काप, धरणावर एक काप..." काकांनी गुलाबी डोंगरावरून हात फिरवला. "झालंच समजा."

"धरण कापणार?" शेपटाचे डोळे पाण्याने भरले.

"आजोबा, तुम्ही काही बोला ना!"

"मी हो म्हटलंय, बाळ," आजोबा हळूच म्हणाले. "रोज पडणारी गाडी ठेवून काय करायचं? निदान दिसायला तरी राहील कुठेतरी."

आता मात्र ठिणगी पेटली!

"मी नाही म्हणते!"

"तुला कोण विचारतंय?" काका हसले.

"कुणी विचारत नाही म्हणूनच सांगतेय! दर सुट्टीत शेवटच्या रविवारी आपण अख्खं वेळापत्रक चालवतो, बारा गाड्या. या रविवारी पण चालवू, त्या बाईंसमोर. एकही डबा घसरला नाही, तर रेल्वे इथेच राहणार. अख्खी!"

"आणि घसरला तर?"

"तर तुमच्या सुताराला मी स्वतः दार उघडून देईन."

"ताई!" शेपूट किंचाळला.

काकांनी आजोबांकडे पाहिलं. आजोबांनी फक्त मान हलवली, हो अशी की नाही अशी, ते कळलं नाही.

"कबूल!" काका म्हणाले. "तुमची हौस तरी फिटेल. झालंच समजा!"

ते गेल्यावर भोंगा म्हणाला, "वेडी आहेस का गं? रोज पडतेय गाडी. आज मंगळवार आहे!"

"म्हणजे पाच दिवस आहेत," ठिणगी म्हणाली. "गाडी उगाच पडत नसते. का पडते ते शोधायचं. बस्स!"

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजल्यापासून तिघं खोलीत ठाण मांडून बसले. दर तासाला तीच हिरवी गाडी, तेच चार डबे, तोच वेग. त्याआधी चाकं ब्रशने घासून लखलखीत केली. उगाच धुळीवर आळ यायला नको! शेपूट वहीत लिहीत होता. सात, ठीक. आठ, ठीक. बारापर्यंत सगळं ठीक. एक वाजता शेवटचा डबा खिडकीजवळ लटपटला. दोनला गाडी पडली. तीनला पडली. चारला पडली. आणि संध्याकाळी सहाला? पुन्हा शहाण्यासारखी सुळकन निघून गेली!

"म्हणजे गाडीला दुपारची झोप येते," शेपूट म्हणाला.

"झोप नाही, घातपात!" भोंग्याच्या आवाजाने खिडकीची तावदानं थरथरली. "दुपारी आपण जेवायला खाली गेलो, की कुणीतरी येतं आणि रूळ हलवून जातं. कोण येतं दुपारी? रोज दोन वाजता? मोजपट्टी घेऊन?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"काका!"

गुरुवारी दुपारी पावणेदोनला ठिणगी फळीखाली शिरली. तिथे तारांचं जंगल होतं, वर रुळांना वीज पोचवणाऱ्या लाल-काळ्या तारा वेलींसारख्या लोंबत होत्या. शेपूट कपाटामागे दडला. भोंग्याला त्यांनी खाली फाटकापाशी उभं केलं, कारण त्याला लपवून उपयोग नव्हता. तो श्वाससुद्धा मोठ्याने घ्यायचा.

बरोबर दोन वाजता काका आले. ठिणगीला त्यांचे फक्त बूट दिसत होते. बूट खिडकीपाशी गेले. मोजपट्टीचा सुर्रर्र आवाज झाला. काकांनी एक गाणं बेसूर गुणगुणलं, "इथे टेबल, तिथे टेलिफोन" असं पुटपुटले, आणि बूट आले तसे निघून गेले. रुळांना त्यांनी बोटही लावलं नव्हतं!

ठिणगीला इतकी निराशा वाटली, की ती तशीच पडून राहिली. खोली भट्टीसारखी तापली होती. बाईंना उजेडात नीट दिसावं म्हणून काकांनी खिडकीचे जाड पडदे काढून धुवायला टाकले होते, आणि ऊन थेट फळीवर सांडत होतं. मानेवरून घाम ओघळत होता.

टक्!

ठिणगी दचकली. आवाज तिच्या बरोबर डोक्यावर झाला होता. ती धडपडत बाहेर आली. खोलीत तिच्याशिवाय फक्त कपाटामागून डोकावणारा शेपूट होता. आणि खिडकीजवळचा तो सरळ रूळ? त्याला पोट सुटलं होतं! मधोमध तो चांगला बोटभर बाजूला फुगला होता. तिने हात लावला आणि चटका बसून मागे घेतला.

"शेपटा, चादर आण! ओली करून आण!"

ओली चादर त्यांनी दोन खुर्च्यांवरून खिडकीवर टांगली आणि वाट बघत बसले. अर्ध्या तासाने रूळ हळूहळू आत सरकला आणि पट्टीने आखल्यासारखा सरळ झाला.

"कुणी हलवत नाहीये! ऊन हलवतंय!" ठिणगीने उडीच मारली. "धातू तापला की लांब होतो. विज्ञानाच्या पुस्तकात आहे की!"

"पण ऊन काय यंदाच पडतंय?" आता वर आलेला भोंगा म्हणाला. "गेल्या वर्षी आपण पडदे उघडे टाकून भरदुपारी गाड्या चालवल्या, तेव्हा नाही सुटलं पोट!"

ते बरोबर होतं. ठिणगी नख चावत बसली. शेपूट मात्र फळीवर हनुवटी टेकवून गाडीकडे बघत होता.

"ताई, यंदा गाडी गप्प असते," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"आधी खटक-खटक, खटक-खटक करायची. मला त्याने झोप यायची. यंदा नुसती सर्रकन जाते. मी पहिल्याच दिवशी तुला सांगणार होतो, पण तू म्हणालीस, मध्ये मध्ये बोलू नकोस."

ठिणगीने त्याच्याकडे पाहिलं, मग रुळाकडे, आणि मग आजोबांचं भिंग घेऊन ती धावलीच. रुळांचे तुकडे जिथे एकमेकांना भेटतात तिथे बारीकशी फट असते, ही गोष्ट ती लहानपणापासून बघत आली होती. चाक त्या फटीवरून गेलं की खटक आवाज व्हायचा. आता तिथे फट नव्हतीच! चकचकीत चांदीसारखं काहीतरी आत भरून, घासून, गुळगुळीत केलेलं होतं.

"सोल्डर!" भोंगा म्हणाला. "रेडिओतल्या तारा जोडायला वितळवून लावतात ते. कुणीतरी सगळ्या फटी बुजवल्यात!"

त्यांनी सांधे मोजले. पंधरा, अठरा, वीस... तेवीस! एकही सुटला नव्हता.

"पाय पसरायला जागाच ठेवली नाही," ठिणगी म्हणाली. "मग बिचारा रूळ तापला की जाणार कुठे? बाजूलाच फुगणार!"

"पण बुजवल्या कुणी?"

सोल्डरचं इतकं सुबक काम त्या सगळ्या भागात एकाच माणसाला यायचं. कोपऱ्यावरच्या दुकानातल्या रेडिओमास्तरांना. शुक्रवारी सकाळी तिघं त्यांच्या दुकानात हजर झाले. मास्तर तापलेली काडी रेडिओच्या पोटात खुपसून बसले होते आणि दुकानात जळक्या राळेचा वास भरला होता. थेट विचारलं तर मास्तर चिडतील, हे ठिणगीला ठाऊक होतं. त्यांना एकच गोष्ट विरघळवायची, कौतुक.

"मास्तर," ती म्हणाली, "आम्ही रेल्वेच्या रुळांवर असं काम पाहिलं ना, की विचारू नका! हात फिरवला तरी सांधा लागत नाही. भोंगा म्हणतो, असं काम इथल्या कुणाला जमणारच नाही. परदेशातूनच कुणी येऊन केलं असणार."

"परदेशातून?" मास्तरांनी काडी खाली ठेवली. "अरे, हे हात दिसत नाहीत का तुम्हाला? दोन दिवस खपलो मी! तुमच्या काकांनी बोलावलं होतं. म्हणाले, मास्तर, बाबा बाहेरगावी आहेत, तेवढ्यात लाईन जरा तपासून टाका, गिऱ्हाईक येणार आहे. बघतो तर काय! तेवीस ठिकाणी लाईन तुटलेली! म्हाताऱ्याला दिसतच नव्हतं ना बिचाऱ्याला. मी एकूण एक जोडून दिली."

"आणि काकांनी आजोबांना सांगितलं?"

"ते त्यांचं ते बघतील. मी काम चोख केलं."

"मास्तर, रविवारी तीनला नक्की या हं," ठिणगी गोड आवाजात म्हणाली. "तुमचं काम सगळ्यांनी बघायला हवं!"

बाहेर येताच भोंगा म्हणाला, "आता सरळ काकांना जाऊन धरू!"

"नाही. आधी आजोबा."

पण आजोबांना पटवणं सोपं नव्हतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "तुम्ही माझ्यावर माया करता म्हणून काहीतरी शोधून काढता, बाळांनो. चूक माझीच असणार. म्हातारा माणूस..."

"बास!" ठिणगीने पाय आपटला. आजोबांशी ती असं कधीच बोलली नव्हती. "तुम्ही हरलात म्हणून आम्हीही हरायचं का? चुकलात की नाही, हे बघायच्या आधीच कसं ठरवलंत? चला वर! आत्ता! अडीच वाजलेत."

शेपटाने काठी दिली, भोंग्याने दार उघडलं, आणि आजोबांना उठावंच लागलं.

खिडकीजवळ रुळाला पुन्हा पोट सुटलं होतं. आजोबांनी चष्मा कपाळावर चढवला, पण पाहिलं नाही. त्यांनी डोळे मिटले आणि उजव्या हाताची दोन बोटं तापल्या रुळावरून सावकाश फिरवली. एका सांध्यापाशी बोटं थांबली. मागे आली. पुन्हा थांबली.

"हे माझं काम नाही," आजोबा म्हणाले.

मग जरा मोठ्याने, "हे माझं काम नाही!" आणि मग इतक्या मोठ्याने, की भोंगासुद्धा मागे सरकला, "अरे, हे माझं काम नाहीच! मी रूळ टाकताना प्रत्येक सांध्यात पोस्टकार्डाचा तुकडा उभा धरतो. तेवढी फट ठेवल्याशिवाय पुढचा खिळा ठोकत नाही! वीज खालून येते, प्रत्येक तुकड्याला स्वतःची तार आहे. फटीने काही अडत नाही. कुणी भरलं हे?"

"रेडिओमास्तरांनी. काकांनी सांगितलं म्हणून."

आजोबा खुर्चीत बसले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते ऑपरेशनचं नव्हतं. मग एकदम ताठ झाले.

"कपाटातली बारीक करवत काढ. दातांचे साचे कापायची, पात्याची. आणि माझी सोल्डरची काडी तापत ठेव."

"आत्ता? उन्हात?" भोंग्याने विचारलं. "संध्याकाळी गार झाल्यावर कापू ना."

"उन्हातच कापायचं! रूळ सगळ्यात लांब झालेला असताना फट ठेवली, की मग कसलंही ऊन येऊ दे, आपण कुणाला भीक घालत नाही!"

शुक्रवारची दुपार आणि शनिवारची दुपार, चौघं घामाने निथळत होते. आजोबा काडीने सोल्डर वितळवत, भोंगा तांब्याच्या जाळीने ते टिपून घेई, ठिणगी केसाएवढ्या पात्याने फट मोकळी करी, आणि शेपूट प्रत्येक फटीत पोस्टकार्डाचा तुकडा घालून बघे. अडकला तर "नापास!" आणि सहज गेला तर "पास!" खिडकीजवळची पहिली फट मोकळी झाली तेव्हा फुगलेला रूळ टक् करून आपणहून जागेवर बसला, आणि शेपटाने टाळ्याच वाजवल्या. ठिणगीची दोन पाती मोडली. "मोडू दे," आजोबा म्हणाले. "माझी पहिल्या दिवशी सात मोडली होती." त्यांचा स्वतःचा हात मात्र एकदाही थरथरला नाही. ठिणगीने मुद्दाम पाहिलं होतं.

शनिवारी संध्याकाळी काका जिन्यात भेटले. त्यांच्या आवाजात जरा नरमाई होती. "अगं, तुमची गाडी सकाळी नीट चालते असं ऐकलं. बाईंना सांगून रविवारी सकाळी नऊला बोलावू का? मी काही तुमचा वैरी नाही."

"नको," ठिणगी म्हणाली. "तीनलाच. भर उन्हात. आणि पडदेसुद्धा लावायचे नाहीत!"

"हट्टी आहेस अगदी."

"झालंच समजा!" ठिणगी म्हणाली आणि वर पळाली.

रविवारी तीनला खोली खच्चून भरली. हॉटेलवाल्या बाई धिप्पाड होत्या आणि पंख्याशिवाय बसायची त्यांना सवय नव्हती. त्या सारख्या वहीने वारा घेत होत्या. रेडिओमास्तर ठेवणीतला कोट घालून आले होते. काकांच्या मागे सुतार हत्यारांची पेटी घेऊन उभा होता. ऊन थेट खिडकीजवळच्या रुळावर पडलं होतं.

"चालवा बघू," बाई म्हणाल्या. "मला चार वाजता परत जायचंय."

ठिणगीने गाडी चालवायची कळ आजोबांच्या हातात दिली.

"मी नको, तू चालव," ते म्हणाले.

"तुमची रेल्वे आहे. आम्ही वेळ सांगतो."

पहिली गाडी निघाली. दुसरी बोगद्यातून बाहेर आली. तिसरी, चौथी. भोंगा गार्ड झाला होता. "पाचवी गाडी सुटतेय!" त्याने आरोळी दिली आणि बाईंच्या हातातली वही पडली. तीन वाजून पाच मिनिटं. सहा मिनिटं. हिरवी गाडी चार डबे घेऊन धरणाकडे निघाली. काका पुढे वाकले. शेपटाने डोळे गच्च मिटून घेतले.

"थांबवा!"

सगळे दचकले. रेडिओमास्तर फळीवर वाकून बोटाने रूळ दाखवत होते. "अरे, माझं काम कुणी तोडलं? इथे तुटलंय! इथेही तुटलंय! तेवीसच्या तेवीस सांधे मी माझ्या हातांनी भरले होते! गाडी पडेल ही, एक वीतभरसुद्धा पुढे जाणार नाही!"

गाडी त्यांच्या नाकासमोरून पुलावर चढली, धरण ओलांडून गुलाबी डोंगराच्या बोगद्यात शिरली आणि पलीकडून पुढचा दिवा लुकलुकवत बाहेर आली.

"चालली की," बाई म्हणाल्या.

"तुम्ही भरले होते?" आजोबांनी कळ फिरवत शांतपणे विचारलं. "माझ्या खोलीत? मी नसताना?"

"म्हणजे... तुमच्या मुलाने..." मास्तरांनी काकांकडे पाहिलं. सगळ्यांनीच काकांकडे पाहिलं. काकांना मोजपट्टी कुठे ठेवावी ते सुचेना.

"मला वाटलं, बाईंना दाखवायच्या आधी जरा ठाकठीक..." ते चाचरले. "मास्तर म्हणाले, लाईन तुटलीय..."

"तुटलेलीच होती!" मास्तर हट्टाने म्हणाले. "तीस वर्षं धंद्यात आहे मी. फट म्हणजे बिघाड!"

"तुमच्या रेडिओत असेल, मास्तर," आजोबा म्हणाले. "माझ्या रुळात फट नसणं हाच बिघाड. हात लावून बघा, किती तापलाय तो. फट नसेल तर फुगतो आणि गाडी पाडतो. या तिघांनी शोधून काढलं. तुम्ही दोघांनी फक्त मला एकदा विचारलं असतंत तरी पुरे होतं."

"आणि त्यामुळे आजोबांना वाटत होतं, त्यांचेच हात चुकले!" ठिणगी बोलून गेली. "आठवडाभर ते या खुर्चीत बसून होते, काका! तुम्ही बघत होतात!"

काकांचा चेहरा उतरला. या एका गोष्टीचा त्यांनी खरोखरच विचार केला नव्हता.

"सहावी गाडी!" भोंगा ओरडला, कारण वेळापत्रक कुणासाठी थांबत नव्हतं.

सहावी गेली, सातवी गेली. मालगाडी गेली, दुधाची गाडी गेली. अकरावीला एका वळणावर जरा हेलकावा बसला आणि शेपटाने ठिणगीचा दंड इतका आवळला, की वळ उठला. पण डबा सावरला. तीन चाळीसला बारावी गाडी मोठ्या स्टेशनात येऊन अगदी पाटीसमोर उभी राहिली. आजोबांनी कळ बंद केली.

"एकही नाही!" शेपूट किंचाळला. "एकही डबा पडला नाही!"

काका पुढे आले. "बाबा, चुकलं माझं. विचारायला हवं होतं. आणि ऑफिसचं म्हणाल तर... राहू दे ते. खाली गॅरेजचा अर्धा भाग रिकामा आहे, तिथे बघतो." मग ठिणगीकडे वळून म्हणाले, "तू जिंकलीस. माझ्या धंद्यात तुझ्यासारखं एक माणूस असतं ना, तर माझे निम्मे पंप परत आले नसते!"

रेडिओमास्तर अजून रुळावर बोट ठेवून उभे होते. चटका बसल्यावर त्यांनी ते तोंडात घातलं आणि मग कुरकुरत म्हणाले, "पोस्टकार्डाएवढी फट म्हणता? हं. शिकायला मिळालं म्हणायचं. आणि माझं सोल्डर इतकं साफ काढलं कुणी?"

"मी!" भोंगा म्हणाला.

"उद्यापासून दुकानात ये. पण तोंड मिटून."

हॉटेलवाल्या बाई उठल्या. "मला हिचे तीन तुकडे नकोत बाई," त्या सरळ म्हणाल्या. "माझ्याकडे गेली असती तर आठ दिवसांत धूळ खाऊन बंद पडली असती. हिला रोज घासूनपुसून जपणारी आणि वर भांडणारी माणसं लागतात. ती माझ्याकडे नाहीत." त्यांनी ठिणगीच्या पाठीवर असा धपका मारला, की ती दोन पावलं पुढे गेली. "शाब्बास गं पोरी! आणि तू रे, वहीवाल्या. बारीक लक्ष असतं तुझं. माझ्या मॅनेजरला नसतं एवढं."

शेपूट इतका फुगला, की आता त्यालाच कापून फट करावी लागेल असं भोंगा म्हणाला.

पाहुणे गेले. सुतारही गेला. तिघं खिडकीत बसून बिस्किटं खात होते, तर आजोबांनी काळा चष्मा काढून ठेवला होता आणि ते मागच्या भिंतीपाशी उभं राहून पेन्सिलीने फळीवर काहीतरी आखत होते.

"काय करताय आजोबा?"

"फाटा टाकतोय. धरणाच्या मागून वर डोंगरावर. अवघड चढ आहे, वळणही फार तंग आहे. किती वर्षं मनात होतं. पण धीर नव्हता होत."

ठिणगीने बिस्कीट टाकलं आणि बाह्या सावरल्या. "मी खिळे आणते! भोंग्या, तू काडी तापव. शेपटा, पोस्टकार्ड..."

"थांबा!" आजोबांनी पेन्सिल रोखली. "तुम्ही तिघांनी गुपचूप बसून बिस्किटं खायची. ही लाईन मी एकट्याने टाकणार, याच दोन हातांनी. आणि कुणी मदतीला पुढे आलात ना, तर बघा!"

मग पाठ फिरवून ते पुन्हा कामाला लागले, आणि तिघं मुकाट्याने बिस्किटं खात बसले.